डोंगर कोणाच्या नांवावर?

मध्यम स्थितींतील मराठी घरांत स्वयंपाकघराच्या फळीवर एखादें तरी ‘जर्मन’चें पातेलें असतेंच. जर्मनीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं; तो धातु ॲल्युमिनियम. पातेलें हलकें, किंमतीनें स्वस्त, कल्हई न लागणारें. हातून पडलें तर पोचा येतो, पण फुटत नाहीं. भांड्यांच्या दुकानांत त्याचें वजन विचारतात, भाव विचारतात. तें कोणत्या डोंगरावरून आलें असें कोणी विचारीत नाहीं, आणि विचारलें तरी दुकानदारास तें ठाऊक नसतें. परंतु विजेच्या तारेपासून विमानाच्या पंखापर्यंत सर्वत्र लागणारा हा धातु एका तांबूस मातींतून निघतो, ती माती पुष्कळदां डोंगराच्या माथ्यावर सांपडते, आणि त्या माथ्याखालीं बहुधा कोणी तरी राहत असतें. ओडिशांतील नियमगिरी नांवाच्या डोंगरावर जे राहतात त्यांना त्या डोंगरासंबंधीं दोन शब्द बोलण्याचा अधिकार आहे, एवढें ठरण्यास २००३ पासून २०१३ पर्यंत दहा वर्षें जावीं लागलीं. हकीगत एका डोंगराची असली तरी तिच्यांत गुंतलेला प्रश्न पुष्कळ डोंगरांचा आहे. ज्या जमिनीचा कागद कोणत्याही दप्तरांत नाहीं, पण जिच्यावर माणसें पिढ्यान् पिढ्या नांदत आलीं, ती जमीन कोणाची?

नियमगिरीची रांग ओडिशाच्या नैर्ऋत्य भागांत, रायगडा व कलाहांडी या दोन जिल्ह्यांच्या सरहद्दीवर आहे. रायगडा हें नांव ऐकून मराठी मनानें उगाच उचंबळून येऊं नये. महाराष्ट्रांतील रायगडाशीं त्याचें नातें केवळ ध्वनीचें आहे. तेथील रहिवाशांना डोंगरिया कोंध म्हणतात, आणि या नांवाचा अर्थ मात्र मराठी श्रोत्यास सांगावा लागत नाहीं, कारण डोंगर हा शब्द ओडिया भाषेंतही त्याच अर्थानें चालतो. संख्येनें हे लोक आठ हजारांच्या आसपास. त्यांची बोली कुवी. ती द्राविड कुळांतील, म्हणजे गडचिरोलीकडच्या गोंडीची दूरची बहीण. डोंगराच्या उतारावर नाचणी आणि इतर भरड धान्यें, कडधान्यें, हळद, आलें, झाडांच्या सावलींत अननस, मधूनमधून केळीं, फणस, संत्रीं, असें त्यांचें शेत असतें. सपाटीवरच्या माणसास तें शेत वाटतच नाहीं. त्याला तें रान वाटतें. पुढें जो घोटाळा झाला त्याचें बीज या दृष्टिभ्रमांत आहे. हळद आणि अननस यांचे भारे घेऊन बायका डोंगर उतरतात, चाटिकोना, मुनीगुडा अशा ठिकाणच्या आठवड्याच्या बाजारांत ते विकतात, आणि मीठ, तेल, कापड घेऊन पुन्हां डोंगर चढतात.

या लोकांचा देव नियमराजा. नियम घालून देणारा तो राजा, आणि डोंगरिया लोक स्वतःस त्याचे वंशज समजतात. त्याच्या नियमांपैकीं एक असा कीं माथ्यावरचें झाड तोडूं नये आणि माथ्यावर शेती करूं नये. उतार माणसांचे, माथा राजाचा. शहरांत वाढलेल्या माणसास ही केवळ भाविकपणाची गोष्ट वाटेल; पण भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांतून पाहिलें तर तीच गोष्ट निराळ्या रीतीनें उलगडते. पूर्वघाटाच्या या भागांतील मूळ खडकास ‘खोंडलाइट’ असें नांव आहे, आणि तें नांव टी. एल्. वॉकर या भूगर्भशास्त्रज्ञानें १९०२ सालीं तेथें राहणाऱ्या खोंड ऊर्फ कोंध लोकांवरूनच दिलें. खडकाच्या नांवांत हे लोक आले; जमिनीच्या दप्तरांत मात्र ते आले नाहींत. या खडकावर लक्षावधि वर्षें ऊनपाऊस पडून त्यांतील विरघळणारें तें सर्व वाहून गेलें आणि माथ्यावर बॉक्साइटचा सपाट थर, एखादी टोपी घालावी तसा, शिल्लक राहिला. हा थर सच्छिद्र असतो. पावसाळ्यांत तो पाणी पितो आणि पुढें महिनेन् महिने खालच्या झऱ्यांना तें थोडें थोडें देत राहतो. वंशधारा नदीचा उगम याच डोंगराळ मुलुखांत आहे. तेव्हां माथ्याला हात लावूं नये हा राजाचा नियम, आणि माथा राखला तर उन्हाळ्यांत झरे आटत नाहींत हें निसर्गाचें गणित, हीं दोन्ही एकाच जागीं येऊन मिळतात. त्यांतलें आधीं कोणतें आलें याचा वाद पंडितांनीं घालावा.

सुशिक्षित मराठी घरांत जमिनीचा मालक कोण या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें असतें: सातबाऱ्यावर ज्याचें नांव असेल तो. तलाठ्याच्या दप्तराबाहेर मालकी असूं शकते ही कल्पनाच चमत्कारिक वाटते. डोंगरिया कोंधांमध्यें मात्र कोणता उतार कोणत्या कुळाचा हें ओढा, झाड, धोंडा यांच्या खुणांवरून सर्वांना माहीत असतें. विकत देण्याघेण्याची ती वस्तु नव्हे, म्हणून तिला खरेदीखत नाहीं. आणि खरेदीखत नाहीं म्हणून सरकारी पुस्तकांत तिला जागा नाहीं. ओडिशाच्या आदिवासी मुलुखांत जेव्हां जमाबंदीची मोजणी झाली तेव्हां दहा अंशांहून अधिक चढणीच्या जमिनी बहुतेक ठिकाणीं कसणाऱ्याच्या नांवावर मांडल्याच गेल्या नाहींत. मोजणीदाराची सांखळी पायथ्याशीं थांबली आणि वरचा सगळा भाग सरकारच्या नांवें लिहिला गेला. ज्यांचें सारें आयुष्य चढणीवर गेलें त्यांच्या बाबतींत याचा अर्थ काय होतो, हें वेगळें सांगावयास नको. डोंगर ज्यांनीं राखला ते कागदावर परक्याच्या जमिनींत शिरलेले ठरले. यांत कोणा एका अधिकाऱ्याचा दुष्टपणा होता असें नाहीं. सपाटीवरच्या शेतीसाठीं तयार केलेलें माप डोंगराला लावलें, आणि मापांत न बसणारें तें नाहींच असें धरलें, एवढेंच झालें. परंतु घरावरून नांगर फिरविण्यास कित्येकदां एवढें पुरतें.

जमिनीवरून या मुलुखांत झालेला हा पहिलाच कलह नव्हे. १८८२ सालीं कलाहांडी संस्थानांत बाहेरून आणून वसविलेल्या कुळता शेतकऱ्यांच्या हातीं आपल्या जमिनी जात आहेत असें पाहून कोंध लोक उठले होते, आणि इंग्रजी फौजेनें तें बंड मोडलें होतें. त्या वेळीं वाद उतारांचा आणि खोऱ्यांचा होता. माथ्याची कोणाला गरज नव्हती. माथ्याची गरज विसाव्या शतकाच्या अखेरीस उत्पन्न झाली.

२००३ सालच्या जून महिन्यांत ओडिशा सरकारनें वेदांत उद्योगसमूहाशीं करार केला. कलाहांडी जिल्ह्यांत नियमगिरीच्या पायथ्याशीं लांजिगड येथें वर्षाला दहा लक्ष टन अल्युमिना तयार करणारा कारखाना काढावयाचा, आणि त्यासाठीं लागणारें बॉक्साइट सरकारी ओडिशा खाण महामंडळामार्फत डोंगराच्या माथ्यावरून आणावयाचें, अशी ती योजना होती. माथ्यावर सुमारें सात कोटि टनांहून थोडा अधिक साठा असावा असा अंदाज होता, आणि खाणीसाठीं साडेसहाशेंहून अधिक हेक्टर वनजमीन लागणार होती. कारखान्यास केंद्राची पर्यावरणविषयक मंजुरी २००४ च्या सप्टेंबरांत मिळाली. खाणीस मंजुरी मिळालेली नव्हती. तरी कारखान्याचें बांधकाम सुरू झालें. सर्वोच्च न्यायालयाला वनविषयक बाबतींत साहाय्य करणाऱ्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीनें २००५ मध्यें अहवाल देऊन, वनजमीन गुंतलेली असतांना ती गोष्ट मंजुरी घेतांना दडविली गेली, असा ठपका ठेवला आणि या जागीं खाण होऊं नये असें सुचविलें. पण तोंवर भिंती वर आल्या होत्या. २००७ सालीं कारखाना चालूही झाला. कळस आधीं आणि पाया मागाहून, असें जेव्हां घडतें तेव्हां पुढच्या प्रत्येक चौकशींत कळसाची किंमत पुढें केली जाते. एवढे कोट्यवधि रुपये खर्च होऊन गेले, आतां माती नको म्हणतां कसें, हा युक्तिवाद माती मागण्यापूर्वीं करतां येत नाहीं. मागाहून तो फार बळकट होतो.

याची दुसरी बाजू आहे, आणि ती हलकी नाहीं. कलाहांडी हें नांव १९८० नंतरच्या दशकांत साऱ्या देशास ठाऊक झालें तें भूकबळींच्या बातम्यांमुळें. ज्या जिल्ह्यांतील तरुण मजुरीसाठीं शेंकडों मैल दूर जातात, त्या जिल्ह्यांत कारखाना यावा, रस्ते व्हावे, चार लोकांना नियमित पगार मिळावा, असें तेथील पुष्कळांना प्रामाणिकपणें वाटलें. लांजिगडच्या बाजारपेठेंतील दुकानदारास आणि कारखान्यांत काम मिळालेल्या पोरास डोंगरावरच्या लोकांचा हट्ट समजत नव्हता, यांत नवल नाहीं. देशाला धातु पाहिजे हेंही खरें. ज्या घरांत ॲल्युमिनियमचें भांडें आणि विजेचा दिवा आहे त्या घरानें खाण या शब्दाला नाकें मुरडणें शोभत नाहीं. न्यायालयालाही हीच अडचण पडली होती. २००७ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें मूळ कंपनीस परवानगी नाकारली, पण तिच्या समूहांतील दुसऱ्या कंपनीनें कांहीं अटी मान्य केल्यास विचार करूं असें सांगितलें, आणि २००८ च्या ऑगस्टांत त्या अटींवर मार्ग मोकळा केला. लांजिगड प्रकल्पाच्या वार्षिक नफ्याचे शेंकडा पांच किंवा दहा कोटि रुपये, यांपैकीं जी रक्कम मोठी असेल ती त्या भागाच्या विकासासाठीं द्यावी, ही त्यांतील एक मुख्य अट. हेतु चांगला होता यांत संशय नाहीं. परंतु ज्यांच्यासाठीं हे पैसे द्यावयाचे त्यांना, पैसे हवेत कीं डोंगर हवा, हें त्या वेळेपर्यंत कोणी विचारलें नव्हतें.

विचारणें भाग पडलें तें एका निराळ्या कायद्यानें. २००६ सालीं संसदेनें वनहक्कांचा कायदा केला. वनांत राहणाऱ्या जमातींवर पूर्वीं ऐतिहासिक अन्याय झाला आहे, असें त्याच्या प्रस्तावनेंतच कबूल केलें आहे. कायदा हक्क नव्यानें देत नाहीं. जे होते पण लिहिले गेले नव्हते ते मान्य करतो. या भेदांत फार मोठें अंतर आहे. त्याहून लक्षांत घेण्याजोगी गोष्ट म्हणजे या कायद्याखालीं २००८ सालीं केलेल्या नियमांत पुरावा कशास म्हणावें याची यादी आहे. तींत सरकारी कागद आहेत, नकाशे आहेत. पण वडीलधाऱ्यांनीं सांगितलेली आणि लिहून घेतलेली साक्षही आहे, विहिरी आहेत, दफनभूमि आहे, देवस्थानें आहेत. दहा अंशांच्या चढणीवर जी सांखळी थांबली होती ती आतां म्हाताऱ्यांच्या बोलण्यावरून पुढें सरकूं शकत होती. २००९ सालीं केंद्रानें एक परिपत्रक काढून, वनजमीन दुसऱ्या कामास देण्यापूर्वीं हे हक्क ठरवून ग्रामसभेची संमति घ्यावी, असेंही सांगितलें. नियमगिरीवर तसें झालेलें नव्हतें. एन्. सी. सक्सेना यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें २०१० च्या ऑगस्टांत तसा स्पष्ट अहवाल दिला, आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेस पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनीं खाणीस अंतिम मंजुरी नाकारली.

सक्सेना समितीच्या अहवालांत एक साधा हिशेब आहे, आणि साऱ्या वादांत तो विसरूं नये असा आहे. कंपनीला कारखाना सहापट वाढवावयाचा होता. एक टन अल्युमिनास तीन टनांच्या आसपास बॉक्साइट लागतें असें धरलें, तर मूळ कारखान्याला नियमगिरीचा साठा चोवीस-पंचवीस वर्षें पुरला असता. वाढविलेल्या कारखान्यास तो चारच वर्षें पुरता. चार वर्षें म्हणजे पहिलीच्या मुलानें चौथी पास होण्याचा काळ. त्यानंतर कारखान्यास माती दुसरीकडून आणावी लागलीच असती, आणि माथा मात्र कायमचा गेला असता.

माणसाचें जमिनीशीं असलेलें नातें न्यायालयाच्या भाषेंत बसविणें किती अवघड आहे याचें एक उदाहरण याच धातूच्या पायीं दूर ऑस्ट्रेलियांत घडलें आहे. तेथें उत्तरेस गोव्ह नांवाचें द्वीपकल्प आहे, आणि तेथील मूळचे लोक योल्ङु. १९६३ सालीं त्यांच्यासाठीं राखून ठेवलेल्या प्रदेशांतील सुमारें तीनशें चौरस किलोमीटर जमीन त्यांना न विचारतां बॉक्साइटसाठीं अलग काढण्यांत आली. योल्ङु लोकांनीं झाडाच्या सालीवर आपल्या कुळांचीं चित्रें काढून मधोमध स्वतःच्या भाषेंत आणि इंग्रजींत टंकलिखित अर्ज चिकटविला, आणि तो ऑस्ट्रेलियाच्या संसदेकडे पाठविला. संसदेनें तो स्वीकारला, चौकशी केली. खाण थांबली नाहीं. मग ते न्यायालयांत गेले. १९७१ सालीं न्यायमूर्ति ब्लॅकबर्न यांनीं निकाल दिला. या लोकांची जमिनीसंबंधींची व्यवस्था अत्यंत सूक्ष्म आणि स्थिर आहे, तिला कायदाच म्हटलें पाहिजे, असें त्यांनीं मोकळ्या मनानें मान्य केलें. परंतु जमीन कुळाची आहे असें म्हणण्यापेक्षां कुळ जमिनीचें आहे असें म्हणणेंच पुराव्याला अधिक धरून होईल, असें त्यांना वाटलें. आणि इंग्रजी कायद्यास जी मालकी समजते ती ही नव्हे म्हणून दावा फेटाळला गेला. इतकें अचूक निदान आणि इतका विपरीत उपचार क्वचित् पाहावयास मिळतो. नातें अधिक खोल होतें म्हणून हक्क नाहीं! त्या निकालांतून उठलेल्या चळवळीमुळें १९७६ मध्यें तेथें भूमिहक्कांचा कायदा झाला. १९९२ च्या माबो खटल्यांत उच्च न्यायालयानें मूळच्या लोकांचा वहिवाटीचा हक्क मान्य केला. आणि २०२५ च्या मार्चमध्यें त्याच न्यायालयानें गोव्हच्याच प्रकरणांत असा निर्णय दिला कीं, संघसरकारनें असा हक्क घेतला असल्यास त्याचा न्याय्य मोबदला देणें घटनेप्रमाणें बंधनकारक आहे. १९६३ च्या अर्जावर ज्यांनीं सह्या केल्या त्यांना हें ऐकावयास मिळालें असतें तर बरें झालें असतें.

नियमगिरीकडे परत यावें. मंत्र्यांच्या नकाराविरुद्ध ओडिशा खाण महामंडळ सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि १८ एप्रिल २०१३ रोजीं न्यायमूर्ति अफताब आलम, के. एस्. राधाकृष्णन् आणि रंजन गोगोई यांनीं निकाल दिला. त्यांनीं खाण द्या असेंही म्हटलें नाहीं, देऊं नका असेंही म्हटलें नाहीं. खाणीमुळें नियमराजाच्या उपासनेच्या हक्काला बाध येतो कीं नाहीं, आणि लोकांचे आणखी कांहीं हक्क त्यांत गुंतले आहेत काय, हें तेथील ग्रामसभांनीं तीन महिन्यांत ठरवावें, आणि जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानें हजर राहून सभेवर कोणाचें दडपण येत नाहीं हें पाहावें, असा आदेश त्यांनीं दिला.

डोंगरावर शंभराहून अधिक वस्त्या असतांना राज्यसरकारनें सभांसाठीं बाराच निवडल्या: सात रायगडा जिल्ह्यांतील, पांच कलाहांडींतील. केंद्राच्या आदिवासीखात्यासही ही निवड पसंत नव्हती. कांहीं वस्त्या मूठभर घरांच्या. रस्ता म्हणावा तर पायवाट. सर्व वस्त्या केवळ कोंधांच्या होत्या असेंही नाहीं. शेजारधर्मानें तेथें राहणारे गौड आणि दलितही सभेंत बसले. पहिली सभा १८ जुलै रोजीं सेरकापाडी येथें भरली, शेवटची १९ ऑगस्ट रोजीं जरपा येथें. दिवस ऐन पावसाळ्याचे. एका बाजूस न्यायाधीश, अधिकारी, पोलीस, वर्तमानपत्रांचे प्रतिनिधि. दुसऱ्या बाजूस घोंगड्या-शालींत गुंडाळलेलीं, कुवींत बोलणारीं माणसें, आणि मध्यें त्यांचें बोलणें ओडियांत करून सांगणारा दुभाषा. खुर्चीवर बसलेल्या न्यायाधीशांपुढें उभें राहून बाजू मांडण्याचा या बायाबापड्यांना अनुभव नव्हता. पण येथें न्यायाधीश त्यांच्या अंगणांत आले होते, आणि त्यानें बराच फरक पडतो.

सरकारपक्षाचें म्हणणें असें होतें कीं, नियमराजाचें मुख्य स्थान हुंडालजली नांवाच्या शिखरावर आहे आणि खाणीची जागा तेथून दहा किलोमीटर दूर आहे. सबब देवाला उपद्रव होण्याचा संभव नाहीं. देऊळ एका चौथऱ्यावर असतें आणि चौथऱ्याबाहेर देवाची हद्द संपते, या समजुतींत वाढलेल्या माणसास हा युक्तिवाद बिनतोड वाटेल. सभांतून याला जें उत्तर मिळालें त्याचा मथितार्थ असा कीं, देव डोंगरावर बसलेला नाहीं, डोंगरच देव आहे. त्याचा कोणता भाग खणावा आणि कोणता राखावा हा सवाल माणसाच्या देहाविषयीं कोणी विचारीत नाहीं. तसेंच, अधिकाऱ्यांनीं वनहक्क कायद्याखालीं प्रत्येक वस्तीचे दावे मोजून आणले होते: एवढे एकर शेतीचे, एवढे सामायिक वनाचे. गांवकऱ्यांनीं तीं आंकडेवारी घेण्याचें नाकारलें. एवढा तुकडा आमचा असें म्हटलें कीं उरलेला डोंगर आमचा नाहीं असें आपोआपच ठरतें, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. लिहितां न येणाऱ्या माणसास कागदाचा डाव कळत नाहीं असें समजणाऱ्यांनीं हा प्रसंग ध्यानांत ठेवावा.

आणि येथें एक गोष्ट विशेष घडली. न्यायालयाच्या प्रश्नाचा रोख मुख्यतः देवाकडे होता. उत्तरें देणारे मात्र देवावर थांबेनात. कोणी झऱ्यांविषयीं बोललें, कोणी हळदीविषयीं, कोणी गुरांविषयीं, कोणी रानांतल्या कंदांविषयीं आणि औषधांविषयीं. ऐकणाऱ्या कारकुनास हें विषयांतर वाटलें असेल. वस्तुतः तें विषयांतर नव्हतें. धर्म एका खान्यांत, उपजीविका दुसऱ्यांत, मालकी तिसऱ्यांत, ही विभागणी सपाटीवरच्या दप्तरांची आहे. डोंगरावर तीं तिन्ही एकाच झऱ्याचें पाणी पितात. बाराही सभांनीं एकमतानें खाण नाकारली. बारा गांवें, एक उत्तर. त्यांत एकही फुटलें नाहीं. २०१४ च्या जानेवारींत केंद्रसरकारनें त्या निर्णयास अनुसरून खाणीस कायमचा नकार दिला. सभा पुन्हां घ्याव्या अशा मागणीचा अर्ज घेऊन खाण महामंडळ आणखी एकदां न्यायालयांत गेलें. ६ मे २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो ऐकण्यास नकार दिला.

याच कायद्याची सुखाची बाजू पाहावयाची असेल तर ती महाराष्ट्रांत आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गोंड गांवाला २००९ सालीं सुमारें अठराशें हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्यें त्याच जयराम रमेश यांनीं गांवांत येऊन बांबूच्या वाहतुकीच्या परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं दिलें. तेथें गांव नाहीं म्हणण्यासाठीं एकत्र आलें नव्हतें; आपला बांबू आपण विकूं, हिशेब आपण ठेवूं, असें म्हणण्यासाठीं आलें होतें. तेव्हां असे लोक विकासाला पाठमोरे असतात ही समजूत बरोबर नाहीं. विकास कोणाच्या सहीनें व्हावा, एवढाच त्यांचा आग्रह असतो.

नियमगिरीचा माथा राहिला. लांजिगडचा कारखानाही राहिला. तो बाहेरून, कांहीं अंशीं परदेशांतूनही, बॉक्साइट आणून चालत राहिला. ग्रामसभेच्या संमतीचें बंधन मात्र पुढें सैल झालें. २०२२ सालीं केंद्रानें वनसंवर्धनाचे नवे नियम केले, आणि वनजमीन देण्याची केंद्रीय मंजुरी होण्यापूर्वीं वनहक्कांचा निकाल लागला आहे कीं नाहीं हें पाहण्याची जी जबाबदारी केंद्राकडे होती ती राज्यांकडे सोंपविली. २०२३ सालीं नियमगिरीच्या शेजारच्याच मुलुखांत, रायगडा आणि कलाहांडी याच दोन जिल्ह्यांच्या सरहद्दीवर, सिजिमाली नांवाच्या दुसऱ्या डोंगरावरील बॉक्साइटचा लिलाव झाला आणि तो वेदांत कंपनीकडे गेला. त्या वर्षाच्या डिसेंबरांत तेथील ग्रामसभांनीं संमति दिली असे ठराव सरकारदप्तरीं दाखल झाले. अशा सभा भरल्याच नाहींत, आणि ठरावांवरच्या सह्या व अंगठे आमचे नव्हेत, असें त्या डोंगरावरचे लोक सांगतात.